ढब्बूचं वजन, बाबांची कंबर

ढब्बू हे नाव पडलं तेव्हा ते अगदी खरं होतं. जन्मली तेव्हा ही पोरगी इतकी गुबगुबीत होती, की मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या होत्या आणि आंघोळ घालताना मान शोधावी लागायची. आजीने मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ढब्बू आहे नुसती!" तेच चिकटलं. आता ढब्बू दीड वर्षाची झाली होती. वळ्या गेल्या, मान सापडली, पाठोपाठ बरगड्याही सापडल्या, आणि नाव मात्र जिथल्या तिथे राहिलं. रस्त्यात कोणी विचारलं, "नाव काय हो बाळाचं?" की ढब्बूची आई घाईघाईने कागदावरचं नाव सांगायची. कारण 'ढब्बू' म्हटलं की समोरचा माणूस एकदा पोरीकडे बघायचा, एकदा आईकडे, आणि मग उगाचच आभाळाकडे.

सगळं सुरू झालं कानापासून. हिवाळ्यात ढब्बूचा एक कान दुखला, मग दुसरा, मग पहिल्याला वाटलं आपण का मागे राहावं. दरवेळी औषधाची गुलाबी बाटली घरात आली. कान बरे झाले, पण पोट रुसलं ते रुसलंच. खाल्लेलं जसंच्या तसं खाली. गाजर खाल्लं तर गाजर, वाटाणा खाल्ला तर वाटाणा, तोही अखंड.

"ही पोरगी आहे की नळी?" आजी म्हणायची.

ढब्बूची आई हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. ती दुधाच्या डेअरीत, तपासणीच्या खोलीत कामाला होती. तिचं काम असं: आलेल्या दुधाचा थेंब काचेच्या ताटलीत पसरायचा, ताटली उबेच्या कपाटात ठेवायची आणि नंतर उघडून बघायची. जिथे जंतू, तिथे ठिपका. ठिपके जास्त तर माल परत, ताटली कोरी तर पास. कॉलेजात ती हेच शिकली होती आणि नोकरीला लागल्यापासून हेच करत आली होती. कोरी ताटली दिसली की तिला असं बरं वाटायचं, जसं दुसऱ्या बायकांना घड्या घातलेल्या कपड्यांचं कपाट बघून वाटतं.

हीच ताटली ती डोक्यात घेऊन घरी यायची. चमचे उकळायची, वाट्या उकळायची, खेळणी उकळायची. रबरी बदक उकळलं तेव्हा त्याची मान जी वाकडी झाली, ती कायमचीच. फरशी इतक्या वेळा पुसली जायची, की आजी म्हणाली, "या घरात जंतूंचं सोड, माणसालासुद्धा जगायची चोरी झालीय."

आणि वजन वाढावं म्हणून वजनदार खाणं. उकडलेल्या बटाट्यात लोणी, पेजेत साय, भातावर पुन्हा लोणी. ढब्बू दोन चमचे खायची, तिसऱ्याला ओठ असे मिटायची की जणू आतून कडी लावली. मग विमान यायचं, चिमणी यायची, वाकड्या मानेचं बदक यायचं. कडी काही निघायची नाही.

उरलेली वाटी जायची बाबांच्या पोटात.

ढब्बूचे बाबा शिंपी. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. कोट आणि पँट शिवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात नव्हता, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. घरातली बायकोसुद्धा चिडली की मास्तरच म्हणे. अन्न टाकलेलं त्यांना बघवत नसे. "पोरीचं राहिलंय वाटतं?" असं म्हणत ते गळ्यातली मोजपट्टी मागे टाकायचे आणि उभ्या उभ्या वाटी साफ करायचे. लोण्याचा बटाटा, सायीची पेज, सगळं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण त्या घरात कोणाला आठवली नाही. दळणारी डोळस होती ना!

दर रविवारी वजन व्हायचं. न्हाणीघरातल्या सपाट काट्यावर ढब्बू एकटी उभी राहायची नाही. ती त्यावर बसायची, लोळायची, नाहीतर काटाच उचलायला बघायची. म्हणून बाबांनी तिला कडेवर घेऊन उभं राहायचं, जो आकडा येईल त्यातून बाबांचं वजन वजा करायचं, राहिलं ते ढब्बूचं.

"तुझं किती धरू?"

"सत्तर. लग्नापासून सत्तरच आहे मी. बघ, तीच पँट आहे."

पँट खरंच तीच होती, आणि बसतही होती अंगावर ओतल्यासारखी. वजाबाकीप्रमाणे ढब्बू दर रविवारी थोडी थोडी वाढत होती. ढब्बूची आई त्या रविवारांवर जगत होती. पोरीच्या बरगड्या दिसतात, तर दिसोत. हाडं भरत असतील आधी. आकडा कशाला खोटं बोलेल?

तपासणीच्या दिवशी ती डॉक्टरबाईंसमोर जवळजवळ मिरवतच बसली.

"वाढलंय भरपूर, डॉक्टर. तुम्हीच बघा."

डॉक्टरबाईंनी आपला स्टेथोस्कोप ढब्बूच्या हातात दिला आणि ती तो चावण्यात गुंतलेली असताना तिला अलगद काट्याच्या पाळण्यात बसवलं. आकडा बघितला. मग मागच्या वेळचा आकडा बघितला.

"वाढलेलं नाही. उलट थोडं कमीच झालंय."

"कसं शक्य आहे? तुमचा काटा बिघडला असेल."

"असेल," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "घरी कसं मोजता?"

ढब्बूच्या आईने वजाबाकी सांगितली. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून मास्तरांकडे बघितलं. "या, तुम्ही जरा या मोठ्या काट्यावर उभे राहा. एकटे."

मास्तर उभे राहिले. काटा सत्तरला थांबला नाही. त्याने सत्तर मागे टाकलं, पुढचंही काही मागे टाकलं आणि मग एका अशा जागी जाऊन थांबला, जिथे नजर जाताच मास्तरांनी पोट आत घेतलं. पोट आत घेतल्याने काटा काही मागे आला नाही.

"पण पँट तर तीच आहे!" ढब्बूची आई म्हणाली.

मास्तर खाली बघत पुटपुटले, "तीच आहे. मागची शिवण उसवून जरा सैल केली."

"कधी?"

"एकदा... मग पुन्हा एकदा. माया होती आत." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात. "आता संपली ती."

म्हणजे इतके रविवार वाढत होता तो बाप, आणि जमा होत होतं लेकीच्या नावावर. डॉक्टरबाई हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. ढब्बूच्या आईला मात्र हसू आलं नाही. तिचे सगळे रविवार एकदम हातातून गळून पडले होते.

डॉक्टरबाई परत वळल्या तेव्हा गंभीर होत्या. "हे बघा, वजन असं चमच्याने भरता येत नाही. पोटाने ते घ्यावं लागतं. पोट म्हणजे काही पिशवी नाही, वस्ती आहे ती. आतड्यात असंख्य जंतू राहतात, आणि त्यातले बरेच गुणी असतात. खाल्लेलं फोडायला मदत करतात, आतड्याचं अस्तर राखतात. कानाच्या औषधाने वाईट गेले, त्यांच्याबरोबर चांगलेही उठून गेले. आता तुम्ही त्या ओस पडलेल्या वस्तीत रोज गाड्या भरभरून लोणी पाठवताय. उतरवून घ्यायला माणूस नाही. माल दारापर्यंत येतो आणि तसाच पुढे जातो."

हे सगळं ढब्बूच्या आईला ठाऊक होतं. कॉलेजच्या परीक्षेत तिने ते लिहिलं होतं, त्याला गुणही चांगले पडले होते. पण परीक्षेतलं आतडं वेगळं आणि कडेवरचं वेगळं.

"मग करू काय?"

"साधं खाणं द्या, थोडं थोडं. फळं, भाज्या, डाळ. तिच्या हाताने खाऊ द्या, मागे लागू नका. आणि रोज घरचं ताजं दही. जादू नाही ती, वेळ लागेल. आणि तो घरचा काटा माळ्यावर टाका." मग त्यांनी जरा थांबून सांगितलं, "पण पुढच्या वेळी इथला आकडा हलला नाही, तर मात्र मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल. भूल देऊन, नळी घालून आतून बघतील. घाबरू नका, नुसतं सांगून ठेवते."

घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरत नाही? घरी येताना ढब्बूची आई पोरीच्या एवढ्याशा तोंडाकडे बघत होती आणि त्यात ती नळी कशी जाईल, हा विचार झटकत होती. झटकला की तो दुसऱ्या बाजूने परत यायचा.

दही घरात होतंच. ते आजीचं खातं. आजी झोपायच्या आधी दूध कोमट करायची, त्यात चमचाभर जुनं दही घालायची, ढवळायची आणि भांडं टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवायची, तान्ह्या बाळाला ठेवावं तसं. हे ढवळणं चालायचं बोटाने.

"बोटालाच कळतं दूध किती कोमट आहे ते," आजी म्हणायची.

त्या बोटाकडे बघताना ढब्बूच्या आईच्या डोळ्यांपुढे ठिपक्यांनी भरलेली ताटली यायची. सासूला सांगायची सोय नव्हती. त्यात दही फ्रीजमधलं, गारेगार. पोरगी कानाची नाजूक. गार दिलं तर सर्दी, सर्दी झाली की कान, कान म्हणजे पुन्हा गुलाबी बाटली. तिने दोन्ही भीतींवर एकच उपाय काढला. दुपारच्या सुट्टीत ती घरी यायची, आणि आजी आडवी झाली, की ढब्बूच्या वाटणीचं दही छोट्या पातेल्यात घालायचं आणि वाफ दिसेपर्यंत गरम करायचं. मग आणखी थोडं, मनाच्या समाधानासाठी. दही फाटायचं, दाणे एकीकडे आणि हिरवट पाणी एकीकडे. ती ते गाळायची, दाणे केळ्यात कुस्करायची आणि पोरीला भरवायची. पाणी टाकायचं कशाला, म्हणून साखर घालून पेला दुकानात पाठवायची.

"हे कसलं सरबत?" मास्तर विचारायचे.

"तब्येतीला चांगलं असतं."

तब्येतीला चांगलं म्हटल्यावर मास्तर नाक धरून पिऊन टाकायचे.

दिवस गेले. लोणी बंद झालं, साय बंद झाली, काटा माळ्यावर गेला. दही रोज न चुकता. आणि ढब्बूचं गाजर गाजरासारखंच बाहेर पडत राहिलं. ती किरकिरी झाली होती, पोट फुगायचं, दोन चमच्यांनंतर कडी ती कडीच. पुढची तपासणी जवळ येत चालली होती. ढब्बूची आई कामावर असताना मध्येच थबकायची आणि उगाच स्वतःच्या गळ्याला हात लावायची.

मग तिला संशय आला. आणि संशय आला तो आजीच्या दह्यावर. विरजणच बिघडलेलं असणार. बोट!

डेअरीत पहिला धडा असा शिकवतात, की नमुना घ्यायचा तो शेवटच्या टप्प्यावरचा. टाकीत दूध कितीही चांगलं असो, माणसाच्या पोटात जातं ते पिशवीतलं, तेव्हा तपासायचं ते पिशवीतलं. ढब्बूच्या आईने नियम पाळला. ढब्बूच्या वाटीतलं, केळं कुस्करण्याआधीचं दही तिने उकळलेल्या बाटलीत भरलं आणि पर्समध्ये लपवून कामावर नेलं. सासूच्या दह्याची चौकशी लावायची म्हणजे चोरून लावायची.

ताटली कपाटात गेली. बाहेर आली त्या दिवशी तिने झाकण उघडलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. कोरी! एक ठिपका नाही. पुसलेल्या पाटीसारखी स्वच्छ ताटली. तिला आजीबद्दल एकदम माया दाटून आली. उगाच बिचारीवर संशय घेतला!

तपासणीच्या खोलीत तिच्या जोडीला एक थोराड बाई होती. ती हातातलं भिंग जेवतानाही खाली ठेवत नसे, म्हणून तिला सगळे भिंगवाली म्हणत.

"काय गं, गालात हसतेस?"

"हे बघ. याला म्हणतात स्वच्छ माल! इतकी कोरी ताटली गेल्या कित्येक महिन्यांत निघाली नसेल आपल्याकडे."

भिंगवालीने ताटली उजेडाला धरली, भिंग लावलं, फिरवून बघितलं. "खरंच की. पास, शंभरदा पास. कशाची आहे?"

"दह्याची," ढब्बूची आई ऐटीत म्हणाली.

आणि तो शब्द तिच्याच कानात शिरून आत कुठेतरी आपटला.

भिंगवालीने भिंगातून ताटलीकडे बघितलं, मग त्याच भिंगातून, एका प्रचंड मोठ्या डोळ्याने, ढब्बूच्या आईकडे.

"दह्याची?"

ढब्बूच्या आईने खुर्ची ओढली आणि बसली. दही म्हणजेच जंतू. दह्याची ताटली निघायला हवी होती ठिपक्यांनी खच्चून भरलेली, मुंगीला पाय ठेवायला जागा नाही अशी. डॉक्टरबाईंना तेच तर पोटात पाठवायचे होते. आणि ती रोज दुपारी, वाफ येईपर्यंत, वर मनाच्या समाधानासाठी आणखी थोडं...

"मी ते गरम करायचे," ती म्हणाली.

"किती?"

"जितकं आपण इथे जंतू मारायला दूध तापवतो, त्याहून जास्तच."

भिंगवालीने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून सांडलंच. "अगं बाई! घरात डेअरी उघडलीस की! काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा. जंतूंसाठी दही लावायचं आणि आतले जंतू वाटेतच..."

"पुरे गं," ढब्बूची आई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोघांत कोण आधी बाहेर पडणार यावर आत भांडण चाललं होतं.

संध्याकाळी आजी ओट्याशी कोथिंबीर निवडत बसली होती. मास्तर चहाला आत आले होते. ढब्बूची आई दारातच उभी राहिली.

"आई, एक सांगायचंय. रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखंच असणार. सांग."

"तुमचं दही... ढब्बूला देताना मी तापवायचे."

"तापवायचीस म्हणजे? गार नको म्हणून बाहेर काढून ठेवायचीस?"

"नाही. पातेल्यात. वाफ येईपर्यंत."

आजीच्या हातातली काडी हातातच राहिली. "उकळायचीस? माझं दही?" तिचा आवाज वर चढत गेला. "दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पिणारे पाहिलेत मी. दही उकळून भरवणारी तू पहिलीच! अगं, ते विरजण मला माझ्या सासूने दिलं. घर बदललं तेव्हा भांडी एका गाडीत, हा माझा नवरा..." तिने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं, "...दुसऱ्या गाडीत, आणि विरजणाची वाटी माझ्या मांडीवर. नवरा पोचला नसता तरी चाललं असतं एक वेळ!"

"आई!" मास्तर म्हणाले.

"तू गप्प बस. पँटी उसवणारा!"

मास्तरांच्या डोक्यात मात्र काहीतरी शिजत होतं. "एक मिनिट," ते बायकोकडे वळले. "मग ते सरबत..."

"तेच. गाळलेलं पाणी."

"मला वाटलं लिंबं नासलीत. महिनाभर पितोय मी!"

यावर आजीला हसू फुटलं. तिने ते कोथिंबिरीत लपवायचा प्रयत्न केला, पण खांदे हलत होते. ढब्बूच्या आईने मात्र तोंड पदराआड नाही तर सरळ भिंतीकडे केलं. "हसू नका हो. दिवस गेले ना फुकट. आता नळी घालतील पोरीच्या घशात, आणि ते माझ्यामुळे. मला सगळं माहीत असून मीच..."

आजी उठली. ओले हात लुगडं-पातळ काही न बघता तिने सरळ सुनेच्या पाठीवर ठेवले. "हे बघ, मारलंस ते दही. पोरीला नाही. पोरगी ती बघ काय करतेय."

पोरगी टेबलाखाली बसून बदकाची वाकडी मान चावत होती, आणि ते बदक त्या दिवशी उकळायचं राहिलं होतं. ढब्बूच्या आईचा हात आपोआप पुढे झाला. आजीने तो धरला.

"अति तेथे माती. राहू दे."

हात मागे आला. फार सावकाश, पण आला.

त्या संध्याकाळी दोघींत तह झाला. दही तापवायचं नाही, फ्रीजमधून आधी काढून ठेवायचं. आजीने बोट घालायचं नाही, चमच्याने ढवळायचं.

"चमचा उकळलेला," सून म्हणाली.

"उकळ. पण गार करून दे मला. नाहीतर तुझ्या हाताला सवयच लागलीय."

पहिल्या दिवशी ढब्बूने ते खरं दही जिभेवर घेतलं, तोंड आंबट केलं, सगळं अंग शहारून घेतलं, आणि मग वाटीत स्वतःच पंजा घातला. अर्धं नाकाला लागलं, थोडं केसांना, उरलेलं आत गेलं. तिच्या आईने ओला रुमाल मुठीत घट्ट धरून ठेवला आणि पुसायला पुढे गेली नाही. दुकानाच्या पायरीवर कुंडी होती. ढब्बू तिच्यातली माती उकरायची आणि आई दारातून बघत ओठ चावायची. एकदा जमिनीवर पडलेला पावाचा तुकडा उचलून ढब्बूने तोंडात टाकला, तेव्हा आईने डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा ढब्बू दुसरा तुकडा शोधत होती.

काही दिवसांनी एका दुपारी दुकानात एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं. अंगात अर्धवट टाचलेला कोट, एका बाहीला टाचण्या, मास्तरांच्या तोंडात टाचण्या. एवढ्यात आतून हाक आली.

"मास्तर! लवकर या! आहात तसे या!"

मास्तर धावले. त्यांना वाटलं पोरगी पडली. बघतात तर बायको लंगोट उघडून, सोन्याचा हंडा सापडल्यासारखी उभी.

"बघा! आकार आहे!"

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. निरखून बघितलं. "आणि गाजर?"

"गाजर कुठेच नाही! पचलं!"

"पचलं!" मास्तर ओरडले. पलीकडे हात पसरून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काय पचलं हो?" तर आजीने आतूनच उत्तर दिलं, "तुम्ही हात खाली घेऊ नका, टोचेल."

पण आकार म्हणजे काही आकडा नव्हे. ढब्बूच्या आईचे दिवस आता चिंतेत नाही, तर चिंता आणि आशा यांच्या मधल्या त्या अरुंद गल्लीत जात होते, जिथे वळायलाही जागा नसते. पोरगी जास्त खातेय, की मला तसं वाटतंय? मागे आकड्यांनी फसवलं, आता डोळे फसवत असतील तर? एकदा ती स्टूल घेऊन माळ्यावरचा काटा काढायला चढली. खाली आजी येऊन उभी राहिली.

"काय शोधतेस?"

"काही नाही. कोळिष्टकं."

"सापडली की उतर."

ती उतरली.

तपासणीच्या दिवशी सकाळीच दुकानातून मशीनचा आवाज आला. ढब्बूची आई पोरीचे कपडे हातात घेऊन पुढे गेली. मास्तर कमरेला टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि मशीनवर होती त्यांची स्वतःची पँट. डॉक्टरकडे निघायच्या वेळी ही पँट! म्हणजे वाटी पुन्हा याच्याच पोटात जातेय. म्हणजे पुन्हा तेच.

"पुन्हा सैल करतोयस?" ती कशीबशी म्हणाली.

"सैल कुठली? घट्ट करतोय." मास्तरांनी मान वर केली नाही. "घसरतेय सारखी. काल गिऱ्हाइकाची उंची मोजायला वाकलो, तर इज्जतच जायची वेळ आली."

"घसरतेय? का?"

"का म्हणजे? घरात काही उरतं का हल्ली? दुपारी येतो, वाटी बघतो, तर चाटूनपुसून लख्ख. काल मी तिच्या बशीतला एक बटाटा नुसता उचलला, तर चावली मला!" त्यांनी बोट पुढे केलं. बोटावर चार छोट्या दातांच्या खुणा होत्या. "पोरगी नाही, घूस आहे घूस. मी आपला भुकेला झोपतो, कोणाला काही आहे का त्याचं?"

ढब्बूची आई कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. तिने ते बोट हातात घेतलं, दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. आणि मग ती हसायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं हसू होतं ते, लवकर थांबणारं नव्हतंच.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मास्तर म्हणाले. "दुखतंय मला."

दवाखान्यात ढब्बू स्टेथोस्कोप चावत काट्याच्या पाळण्यात बसली. डॉक्टरबाई आकड्याकडे वाकल्या. ढब्बूच्या आईने आधी आकड्याकडे बघितलंच नाही. ती नवऱ्याच्या कमरेकडे बघून हसत होती. नव्या शिवणीतूनही पँट जराशी खाली आली होती आणि मास्तर ती कोपराने वर सारत होते.

"हलला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि चांगला हललाय! वाढीच्या रेषेवर आली परत. आता नळीबिळी काही नको." मग त्यांनी भुवया उंचावल्या. "घरी मोजलं नाहीत ना?"

"नाही हो. काटा माळ्यावर आहे."

"मग तुम्ही आधीच कशा हसत होता?"

ढब्बूच्या आईने नवऱ्याकडे बोट केलं. "घरात हा एक काटा शिल्लक होता. उलटा चालतो, पण चालतो बरोबर."

निघताना डॉक्टरबाईंनी दह्याबद्दल विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "एकट्या दह्याचं श्रेय नाही हे," त्या म्हणाल्या. "पोटालाही थोडी उसंत मिळाली, आणि तुम्हालाही. दोघांनाही गरज होती."

बाहेरच्या खोलीत बाकावर एक बाई आपल्या बाळाला घेऊन बसली होती. तिने ढब्बूच्या गालाला बोट लावलं. "काय हो नाव हिचं?"

"ढब्बू," आई म्हणाली. घाईने नाही, चांगलं ठासून.

बाईने पोरीकडे बघितलं, मग आईकडे. आभाळ नव्हतं म्हणून छताकडे बघायच्या बेतात होती, तेवढ्यात तिची नजर पँट सावरत येणाऱ्या मास्तरांवर पडली.

"हे हिचे बाबा," ढब्बूची आई म्हणाली. "आत्ताआत्तापर्यंत घरातले ढब्बू हेच होते. आजपासून नाव हिच्याकडे परत आलं."